हत्यारांची पेटी : वॉल्टर क्रायस्लर यांचें चरित्र

न्यूयॉर्क शहरांत क्रायस्लर बिल्डिंग या नांवाची एक टोलेजंग इमारत आहे. १९३० सालीं ती पुरी झाली तेव्हां तिच्याइतकी उंच इमारत पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नव्हती. सत्याहत्तर मजले, १,०४६ फूट उंची, आणि माथ्यावर उन्हांत चांदीसारखा झळकणारा पोलादी कळस! या इमारतीच्या एकाहत्तराव्या मजल्यावर त्या काळीं प्रेक्षकांकरितां एक दालन होतें. तेथून शहराची शोभा पाहावयास जे येत त्यांना कांचेच्या कपाटांत कांहीं वस्तु मांडून ठेवलेल्या दिसत. तीं रत्नें नव्हतीं कीं सोन्याचे पेलेहि नव्हते. तीं होतीं रेल्वेच्या कारखान्यांतील एका कामगाराचीं हत्यारें. उमेदवारी करीत असतांना त्या कामगारानें तीं आपल्या हातांनीं घडविलीं होतीं. आणि तोच कामगार पुढें त्या गगनचुंबी इमारतीचा धनी झाला होता.

त्या हत्यारांच्या पेटीपासून त्या कळसापर्यंतची वाट वॉल्टर क्रायस्लर यांनीं कशी आक्रमिली, हें आम्ही या लेखांत सांगणार आहों. परंतु केवळ एका धनिकाच्या वैभवाचें वर्णन करावें असा आमचा हेतु नाहीं. वार्षिक परीक्षा जवळ आली कीं आमच्या शाळेंतील मोठ्या मुलांच्या व त्यांच्या आईबापांच्या मनांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. मुलानें पुढें करावें काय? हात काळे करणारें काम पत्करावें, कीं टेबलखुर्चीची नोकरी शोधावी? घरोघरीं या प्रश्नावरून वाद होतात, कधीं अबोलाहि धरला जातो. क्रायस्लर यांच्या घरींहि हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तेथेंहि बापलेकांचें पटलें नव्हतें. म्हणूनच हें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

वॉल्टर पर्सी क्रायस्लर याचा जन्म ता. २ एप्रिल १८७५ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅन्सस संस्थानांत वामेगो या लहानशा गांवीं झाला. त्याचा बाप हेन्री क्रायस्लर हा रेल्वेच्या एंजिनाचा ड्रायव्हर होता. वॉल्टर लहान असतांनाच हें कुटुंब त्याच संस्थानांतील एलिस या गांवीं राहावयास गेलें. एलिस म्हणजे रेल्वेनें वसविलेलें गांव. भोंवतीं क्षितिजापर्यंत पसरलेलें गवताळ माळरान, आणि मध्यें लोहमार्ग, एंजिनांच्या शेडी व दुरुस्तीचा कारखाना. वाफेच्या एंजिनाची शिट्टी हेंच त्या गांवचें घड्याळ होतें. वॉल्टरची आई मेरी ही जर्मन वंशाची, शिस्तीची व कष्टाळू बाई होती. घरीं गाई होत्या. त्यांचें दूध दारोदार पोंचविण्याचें काम लहानपणीं वॉल्टरकडे असे. मुलगा खोडकर होता, पण कामचुकार नव्हता. यंत्राविषयींचें त्याचें कुतूहल तर इतकें दांडगें कीं, एका शास्त्रीय नियतकालिकाकडे तो पत्रें धाडून आपल्या शंका विचारीत असे.

शाळा संपल्यावर कांहीं दिवस त्यानें एका किराणा दुकानांत काम केलें. पण त्याचें सारें लक्ष रेल्वेच्या कारखान्याकडे लागलेलें होतें. आपण तेथें उमेदवार म्हणून शिरावें व यंत्राचें काम पायापासून शिकावें, हा एकच ध्यास त्याच्या मनानें घेतला. बाप मात्र या गोष्टीला मुळींच तयार होईना. मुलानें कॉलेजांत जावें अशी त्याची इच्छा होती.

येथें त्या बापाला दोष देण्याची घाई कोणीं करूं नये. ज्यानें जन्मभर एंजिनाची धग, धूर व काजळी सोसली, त्याला आपल्या मुलाचे हात स्वच्छ राहावेत असें वाटल्यास नवल तें काय? आमच्याकडेहि जो बाप गिरणींत पाळी करतो किंवा शेतांत राबतो, त्याची हीच इच्छा असते, आणि तिच्या बुडाशीं मायाच असते. पण मायेला नेहमींच नीट दिसतें असें नाहीं. मुलाला ज्यांत कष्ट नव्हे तर आनंद वाटत होता, तें बापाला दिसत नव्हतें.

वॉल्टरनें बापाशीं भांडण केलें नाहीं, किंवा तो घर सोडून पळूनहि गेला नाहीं. उमेदवाराची जागा बापाच्या संमतीवांचून मिळेना, तेव्हां त्यानें त्याच कारखान्यांत झाडूवाल्याची नोकरी धरली. तासाला दहा सेंट मजुरी. तेलानें व लोखंडाच्या किसानें माखलेल्या फरशा घासणें, केरकचरा उचलणें, जड सामान वाहणें, हें त्याचें काम. तो तें इतक्या मनापासून करी कीं, कारखान्याच्या वरिष्ठांचें लक्ष त्याच्याकडे वेधलें. कांहीं महिन्यांनीं बापाचाहि विरोध मावळला आणि वॉल्टरला उमेदवारी मिळाली. मात्र उमेदवाराची मजुरी होती तासाला पांच सेंट. झाडूवाल्याच्या निम्मी!

या गोष्टीवर आमच्या तरुण वाचकांनीं क्षणभर थांबावें. झाडूनें दहा सेंट मिळत होते, शिकण्यानें पांच मिळणार होते. वॉल्टरनें पांच सेंट पत्करले, आणि तेहि आनंदानें. आज हातांत काय पडतें यापेक्षां उद्यां हातांनीं काय करतां येईल, हा हिशेब त्यानें सतरा-अठराव्या वर्षीं मांडला. त्याच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या एका हिशेबांत आहे, असें आम्हांस वाटतें.

उमेदवारी चार वर्षांची होती. या काळांत त्यानें लोखंड तासण्याचें, कातण्याचें व जोडण्याचें काम आत्मसात् केलें. बाजारांतील हत्यारांवर विसंबून न राहतां स्वतःचीं मोजमापाचीं हत्यारें त्यानें स्वतःच घडविलीं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे फावल्या वेळांत त्यानें एका लहान एंजिनाची प्रतिकृति तयार केली. ती सुमारें २८ इंच लांब होती. घराच्या अंगणांत इवलासा लोहमार्ग घालून त्यानें ती त्यावरून चालविली, आणि त्या एंजिनाला शिट्टीहि होती! एका मुलाचें खेळणें म्हणून कोणी तें हंसण्यावारी नेईल. पण त्यांतला प्रत्येक भाग मापानें कातलेला होता, आणि माप तसूभर जरी चुकतें तरी तें चाललें नसतें.

उमेदवारी पुरी झाल्यावर वॉल्टरनें एलिस सोडलें. पुढील कांहीं वर्षें त्यानें पश्चिमेकडील निरनिराळ्या गांवच्या रेल्वे कारखान्यांत काढलीं. कोठें चार महिने, कोठें वर्षभर. काम संपलें कीं दुसऱ्या गांवीं जावें, प्रसंगीं मालगाडीच्या डब्यांतून फुकट प्रवास करावा, आणि कारखान्याच्या दाराशीं उभें राहून काम मागावें, असा त्याचा क्रम होता. पोट रिकामें असतांना परक्या गांवीं काम मागण्याची वेळ आली म्हणजे माणसाची पारख होते. या भटकंतींत त्याला अनेक तऱ्हांचीं एंजिनें हाताळावयास मिळालीं, आणि अनेक तऱ्हांचीं माणसेंहि पाहावयास मिळालीं. पुढें दोन्ही प्रकारचें ज्ञान त्याच्या उपयोगी पडलें.

१९०१ सालीं एलिस येथील डेला फॉर्कर या मुलीशीं त्याचा विवाह झाला. हे दोघे फार दिवसांपासून एकमेकांस ओळखत होते, आणि वॉल्टरला स्थिर कमाई होईपर्यंत डेला शांतपणें वाट पाहत राहिली होती. लग्नानंतर हें जोडपें सॉल्ट लेक सिटी येथें गेलें. तेथें क्रायस्लर यांना तासाला ३० सेंटांवर काम मिळालें. यापुढें आम्ही त्यांचा उल्लेख बहुमानानेंच करूं, कारण येथून त्यांची चढती कमान सुरू होते.

हात तर तयार झाले होते, पण केवळ हातांवर भागत नाहीं हें क्रायस्लर यांनीं वेळींच ओळखलें. कॉलेजचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. म्हणून पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील स्क्रँटन येथील पत्रद्वारें शिक्षण देणाऱ्या एका संस्थेंत त्यांनीं नांव घातलें. दिवसभर कारखान्यांत राबावें आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून गणित, रेखन व यंत्रशास्त्र यांचे धडे सोडवावेत, असा अभ्यास त्यांनीं चालविला. ज्या विद्येकरितां बाप त्यांना कॉलेजांत पाठवूं पाहत होता, ती विद्या मुलानें अखेर संपादन केलीच. फक्त वाट निराळी होती. बाप आणि मुलगा यांपैकीं कोणीच सर्वस्वीं चुकलेला नव्हता, असें आतां म्हणावयास हरकत नाहीं.

लवकरच क्रायस्लर फोरमन झाले. नंतर कोलोरॅडो, टेक्सस या भागांत वरच्या जागा मिळत मिळत ते आयोवा संस्थानांतील ओल्वाइन या गांवीं शिकागो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सगळ्या एंजिनांचे व डब्यांचे मुख्य अधिकारी झाले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ३३ वर्षांचें होतें. एका झाडूवाल्यानें या पदाला पोंचावें हीच मोठी गोष्ट. दुसरा कोणी असता तर तेथेंच समाधान मानून राहता.

परंतु १९०८ सालीं शिकागो येथें मोटारगाड्यांचें प्रदर्शन भरलें होतें, तें पाहावयास क्रायस्लर गेले. तेथें लोकोमोबिल नांवाची एक गाडी होती. पांढऱ्या रंगाची, तांबड्या चामड्याच्या गाद्यांची. किंमत ५,००० डॉलर. क्रायस्लर यांच्याजवळ सारी शिल्लक होती ७०० डॉलर. त्यांनीं त्या गाडीभोंवतीं अनेक फेऱ्या घातल्या, आणि शेवटीं उरलेले ४,३०० डॉलर कर्ज काढून ती विकत घेतली. कर्ज काढून हौस करावी असा उपदेश आम्ही मुळींच करणार नाहीं. पण ती हौस नव्हती, हें पुढील गोष्टीवरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

गाडी रेल्वेनें ओल्वाइनला आली. क्रायस्लर यांना ती चालवितां येत नव्हती. घोडे जुंपून ती घरीं आणावी लागली आणि कोठींत ठेवण्यांत आली. त्यानंतर सुमारें तीन महिने ती तेथून हललीच नाहीं. क्रायस्लर रोज संध्याकाळीं तिचा एक एक भाग सोडवीत, जमिनीवर कागद पसरून त्यावर मांडीत, त्याचें चित्र काढीत, त्याचें कार्य काय याचा विचार करीत, आणि पुन्हां सगळें जोडून ठेवीत. असें त्यांनीं एकदां नव्हे, अनेकदां केलें. बिचाऱ्या डेलाबाईंना वाटे कीं, एवढें कर्ज काढून घेतलेल्या गाडींत बसावयाचा योग तरी कधीं येणार? अखेर एके दिवशीं स्वारी बाहेर पडली, ती थेट शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यांत जाऊन रुतली! पुन्हां घोडे लावून ती ओढून काढावी लागली. पण त्याच दिवशीं क्रायस्लर यांनीं ती पुन्हां चालवावयास घेतली, आणि घामानें निथळत कां होईना, घरीं सुखरूप आणली. गाडी चालविणें त्यांना नंतर आलें. गाडी म्हणजे काय हें त्यांना आधीं कळलें होतें.

पुढें रेल्वेच्या अध्यक्षांशीं खटका उडून त्यांनीं ती नोकरी सोडली, आणि पिट्सबर्ग येथील एंजिनें बांधण्याच्या एका मोठ्या कारखान्यांत ते गेले. तोट्यांत चाललेला तो कारखाना त्यांनीं नफ्यांत आणला. तेथें त्यांना वर्षाला ८,००० डॉलर पगार मिळूं लागला. इतक्यांत फ्लिंट येथील ब्यूक मोटार कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स नॅश यांच्याकडून त्यांना बोलावणें आलें. नॅश हे मोठे काटकसरी गृहस्थ. ६,००० डॉलरांहून अधिक पगार देण्याची त्यांची तयारी नव्हती. उलट क्रायस्लर जाऊं नयेत म्हणून जुना कारखाना १२,००० डॉलर देऊं करीत होता. पण क्रायस्लर यांचें मन मोटारगाडीवर जडलेलें होतें. १९१२ सालीं निम्मा पगार पत्करून ते ब्यूकमध्यें दाखल झाले. उमेदवारीच्या वेळीं दहा सोडून पांच सेंट घेणारा तो मुलगा अजून त्यांच्यांत जिवंत होता.

ब्यूकच्या कारखान्यांत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. मोटारगाडी ही वस्तु नवी होती, पण ती बांधण्याची रीत जुन्या घोडागाडीचीच राहिली होती. जे भाग कोणाच्या दृष्टीसहि पडावयाचे नाहींत, त्यांनासुद्धां बग्गीप्रमाणें रंगाचे अनेक हात देण्यांत येत. प्रत्येक हात वाळेपर्यंत काम अडून राही. क्रायस्लर यांनीं कामाचा एक एक टप्पा तपासला आणि निरर्थक ते टप्पे काढून टाकले. परिणाम असा झाला कीं, जेथें रोज ४५ गाड्या होत होत्या तेथें रोज २०० होऊं लागल्या. तीन वर्षें त्यांनीं पगाराबद्दल चकार शब्द काढला नाहीं. मग एके दिवशीं ते नॅश यांच्याकडे गेले, वर्षाला २५,००० डॉलर मागितले, व ते मिळतांच पुढील वर्षीं ५०,००० लागतील असेंहि बजावून आले! आधीं काम करून दाखवावें आणि मग त्याचें मोल निर्भयपणें मागावें, ही त्यांची पद्धत होती. कामाआधीं मोल मागणारे पुष्कळ असतात, आणि काम करूनहि मोल मागण्यास भिणारे त्याहून पुष्कळ असतात.

१९१६ सालीं विल्यम ड्युरंट यांनीं जनरल मोटर्स हा उद्योगसमूह पुन्हां आपल्या ताब्यांत घेतला. ब्यूक कंपनी त्याच समूहांतील होती. ड्युरंट यांनीं क्रायस्लर यांना ब्यूकचे अध्यक्ष नेमून वर्षाला पांच लाख डॉलर देऊं केले. पण ड्युरंट हे धाडसी सौदागर. आज ही कंपनी घे, उद्यां ती घे, असा त्यांचा खाक्या. क्रायस्लर यांना हिशेबाबाहेरचें धाडस रुचत नसे. मतभेद वाढत गेले आणि १९२० सालच्या सुमारास क्रायस्लर यांनीं तें वैभवाचें पद सोडलें. त्याच वर्षीं ड्युरंट यांची आर्थिक घडी कोलमडली आणि त्यांनाहि जनरल मोटर्स सोडावी लागली.

यानंतर विलीज-ओव्हरलँड नांवाची एक कर्जबाजारी मोटार कंपनी सांवरण्याकरितां बँकवाल्यांनीं त्यांना वर्षाला दहा लाख डॉलर देऊन दोन वर्षें नेमलें. मागोमाग मॅक्सवेल नांवाची दुसरी बुडती कंपनी त्यांच्या हातीं आली. आतां मात्र स्वतःच्या नांवाची गाडी काढावी असें त्यांनीं ठरविलें. फ्रेड झीडर, ओवेन स्केल्टन व कार्ल ब्रीअर हे तीन कुशल एंजिनियर त्यांना येऊन मिळाले होते. त्यांच्या परिश्रमानें सहा सिलिंडरांची एक नवी गाडी सिद्ध झाली. तिचें एंजिन लहान असूनहि जोरकस होतें. तासाला ७० मैलांपर्यंत ती धांवे. शिवाय तिच्या चारहि चाकांना द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक होते. पायानें दाब दिला कीं नळींतील द्रव तो चारहि चाकांकडे सारखा पोंचवी, आणि गाडी सरळ रेषेंत थांबे. त्या काळीं अशी सोय केवळ अति महाग गाड्यांना असे. ही गाडी तर सुमारें दीड हजार डॉलरांची होती.

पण एक अडचण उभी राहिली. १९२४ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें भरलेल्या प्रदर्शनांत ही गाडी मांडण्यास परवानगी मिळेना. कारण जी गाडी अद्याप बाजारांत विकली गेली नाहीं तिला तेथें जागा नव्हती. तेव्हां क्रायस्लर यांनीं, मोटारींच्या व्यापारांतील लोक ज्या कमोडोर हॉटेलांत उतरले होते, त्याच हॉटेलचें पुढचें दालन भाड्यानें घेतलें आणि आपल्या गाड्या तेथें मांडल्या. प्रदर्शनाला आलेला प्रत्येक व्यापारी जातां येतां त्या पाही. सावकारांनीं पन्नास लाख डॉलर पुढें केले, आणि पहिल्याच वर्षीं सुमारें ३२,००० गाड्या विकल्या गेल्या. ता. ६ जून १९२५ रोजीं मॅक्सवेल कंपनीच्या जागीं क्रायस्लर कॉर्पोरेशन स्थापन झालें. १९२८ सालीं डॉज बंधूंची प्रचंड कंपनी त्यांनीं १७ कोटी डॉलरांच्या व्यवहारांत विकत घेतली. प्लिमथ ही स्वस्त गाडी व डी सोटो ही मध्यम किंमतीची गाडी त्याच वर्षीं निघाली. फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या जोडीला तिसरें नांव उभें राहिलें. १९२९ सालीं अमेरिकेंत घोर मंदी सुरू झाली, तेव्हांहि क्रायस्लर यांनीं संशोधनाचा खर्च तोडला नाहीं. १९३६ सालीं तर विक्रींत त्यांनीं फोर्ड यांनाहि मागें टाकलें.

याच काळांत त्यांनीं ती जगप्रसिद्ध इमारत बांधली. तिचा खर्च कंपनीच्या तिजोरींतून नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या पैशांतून झाला. आपल्या मुलांच्या अंगावर कांहींतरी जबाबदारी असावी, आयत्या संपत्तीनें तीं निष्क्रिय होऊं नयेत, असा त्यांत त्यांचा हेतु होता. ज्याला लहानपणीं दुधाच्या बरण्या वाहाव्या लागल्या, त्याला आतां आपल्या मुलांना काम कोठून द्यावें याची विवंचना पडली!

येथवरचें चरित्र यशाचें आहे. पण चरित्र लिहितांना उजेडाची बाजू दाखवून सांवली झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. क्रायस्लर यांच्या जीवनांत दोन प्रसंग असे आले कीं, ज्यांत त्यांना हार खावी लागली.

पहिला प्रसंग १९३४ सालचा. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून गोलसर घडणीची एअरफ्लो नांवाची गाडी त्यांच्या एंजिनियरांनीं तयार केली. हवेच्या बोगद्यांत प्रयोग करून तिचा आकार ठरविला होता. शास्त्रदृष्ट्या ती काळाच्या पुढें होती. पण लोकांना तिचें रूप आवडलें नाहीं, आरंभीच्या गाड्यांत दोषहि राहून गेले, आणि १९३७ नंतर ती बंद करावी लागली. पुढें मात्र जगांतील मोटारगाड्या त्याच दिशेनें वळल्या. खरें असूनहि जें लोकांच्या गळीं उतरत नाहीं, त्याकरितां धीर धरावा लागतो.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. १९३७ च्या मार्च महिन्यांत डेट्रॉइट येथील क्रायस्लरच्या कारखान्यांत हजारों कामगारांनीं बैठा संप पुकारला. आपल्या संघाला कंपनीनें मान्यता द्यावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. काम थांबवून ते कारखान्यांतच बसून राहिले; न्यायालयानें बाहेर पडण्याचा हुकूम दिला तरी हलेनात. शेवटीं संस्थानचे गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनीं मध्यस्थी केली. क्रायस्लर यांना कामगारांचे पुढारी जॉन लुईस यांच्यासमोर बसून वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि एप्रिलच्या आरंभीं, संघाला त्याच्या सभासदांचा प्रतिनिधि म्हणून मान्यता देऊन तंटा मिटला. विशेष हें कीं, याच वर्षीं क्रायस्लर यांचें आत्मचरित्र एका साप्ताहिकांत क्रमशः प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या शीर्षकांत त्यांनीं स्वतःला अमेरिकन कामगार म्हणवून घेतलें होतें. जो स्वतःला कामगार म्हणवीत होता, त्याच्याच कारखान्यांत कामगारांना आपलें म्हणणें ऐकविण्याकरितां यंत्रें थांबवावीं लागलीं!

यांत ढोंग होतें असें आम्ही म्हणत नाहीं. क्रायस्लर यांचा कामगारपणाचा अभिमान खरा होता. पण जेथें हजारों माणसें राबतात, तेथें माथ्यावरच्या मजल्यावर बसलेल्या धन्याला खालच्या फरशीवरील माणसाचा आवाज आपोआप ऐकूं येत नाहीं. तो ऐकण्याची सोय मुद्दाम करावी लागते. हत्यारांची पेटी कांचेच्या कपाटांत जपून ठेवणें सोपें आहे. आज जो हत्यार धरतो आहे त्याची आठवण जपणें कठीण. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे उद्यां अधिकारी, मुकादम वा कारखानदार होतील, त्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

१९३५ सालींच क्रायस्लर यांनीं अध्यक्षपद आपल्या एका विश्वासू सहकाऱ्याकडे सोंपविलें होतें. १९३८ च्या मे महिन्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत त्यांची सहधर्मचारिणी डेलाबाई परलोकवासी झाल्या. ज्या बाईनें त्यांच्या भटकंतीच्या दिवसांत वाट पाहिली, त्या बाईच्या मागें ते अवघीं दोन वर्षें जगले. ता. १८ ऑगस्ट १९४० रोजीं न्यूयॉर्कनजीक आपल्या राहत्या घरीं त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. त्या वेळीं त्यांचें वय ६५ वर्षांचें होतें.

त्यांच्या कार्याचा एक धागा आमच्या मुंबईपर्यंत येऊन पोंचलेला आहे. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, ती क्रायस्लर कॉर्पोरेशनशीं करार करूनच. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून डॉज, डी सोटो, प्लिमथ या जातीच्या गाड्या व मालमोटारी बाहेर पडूं लागल्या. पुढें याच कंपनीनें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार केला, आणि मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून जन्मभर राबलेली पद्मिनी तिच्याच कारखान्यांतली. १९४० सालीं निवर्तलेल्या क्रायस्लर यांना यांतलें कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. मागें राहिलेल्या त्यांच्या कंपनीनेंहि बरेवाईट दिवस पाहिले. प्लिमथ व डी सोटो हीं नांवें काळाच्या उदरांत गेलीं. २००९ सालीं कंपनीला दिवाळखोरीच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली, पुढें ती त्याच फियाट कंपनीच्या ताब्यांत गेली, आणि २०२१ सालीं स्टेलँटिस या मोठ्या समूहांत सामील झाली. माणसाचें ऐश्वर्य असेंच असतें. तें हस्तांतर होत राहतें. विद्या मात्र ज्यानें मिळविली त्याच्याबरोबर शेवटपर्यंत राहते.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. मुलानें पुढें काय करावें? क्रायस्लर यांच्या चरित्रावरून प्रत्येकानें कारखान्यांतच जावें असें उत्तर आम्ही देत नाहीं. ज्याला ग्रंथांची आवड त्यानें ग्रंथांकडे जावें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कोणतेंहि काम हातांना डाग लावतें म्हणून हलकें ठरत नाहीं. ज्या प्रभूच्या नांवानें आमची ही शाळा चालते, त्यानेंहि नाझरेथ गांवीं सुताराचा व्यवसाय केला होता. टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण तर आपल्या घरचीच आहे.

आणि पालकांस आमची एक विनंति आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी एखाद्या जुन्या घड्याळाचे भाग सोडवून जमिनीवर मांडून बसलेली दिसली, तर एकदम रागावूं नका. क्षणभर तिच्याजवळ बसा आणि तिला एवढेंच विचारा कीं, हें सगळें पुन्हां जोडतां येईल ना?